काकूंबरोबर सेवाग्रामला

वर्धा हे आमच्या घरी उतरण्याचे स्टेशन होते. पाहण्याचे गाव नव्हते. लहानपणी दर उन्हाळ्यात आम्ही भावंडे मुंबईहून वर्ध्याला उतरायचो, फलाटावर चहा-बिस्किटे घ्यायचो आणि सेलूकडच्या एस.टी.त सामान कोंबायचो. ज्या गाडीने यायचो तिचे नाव सेवाग्राम एक्सप्रेस. पण ज्या गावावरून गाडीला ते नाव पडले, ते गाव स्टेशनापासून अवघ्या आठ किलोमीटरांवर असूनही चाळिशी उलटेपर्यंत मी पाहिलेले नव्हते. एकदा वर्गात ‘गीताई’वर बोलत होते, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, तुमचं गाव तिकडेच ना? पवनार कसं आहे हो?” मला अचानक फळा पुसायची आठवण झाली!

तर या मे महिन्यात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे एकदाचे परत केले आणि हे, मी आणि चिरंजीव असे तिघे वर्ध्याला निघालो. निमित्त मात्र गांधीजींचे नव्हते, काकूंच्या घराचे होते.

काकू म्हणजे माझ्या धाकट्या काकांची पत्नी. वय पंचाहत्तरच्या आसपास. काका गेल्यापासून सेलू तालुक्यातल्या आमच्या गावी त्या एकट्याच राहतात. घर मातीचे आहे. दीड हात जाडीच्या भिंती, सागाचे खांब, वर कवेलू, पुढे ऐसपैस ओसरी. माझ्या सगळ्या बालपणाला त्या ओसरीचा वास आहे. पण काकूंनी यंदा मुलांना निक्षून सांगितले होते की, हे घर पाडा आणि मला स्लॅबचे दोन खण बांधून द्या. मुलगे तयार होते. तयार नव्हते ती मी. मुंबईत आठव्या मजल्यावर राहून गावच्या मातीच्या घराबद्दल जिव्हाळा बाळगणे अतिशय सोपे असते, हे मला ठाऊक आहे. तरी जिव्हाळा तो जिव्हाळाच. मी मनाशी एक बेत केला. काकूंना सेवाग्रामला न्यायचे. देशोदेशीचे लोक येऊन मातीच्या झोपडीपुढे हात जोडतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले की आपोआप त्यांचे मन पालटेल.

काकूंना बेत सांगितला तेव्हा त्या धान्य निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मातीचं घर पाहाले मातीच्या घरातून कायले जायचं वो?” पण जावयाचा मान मोडायचा कसा, म्हणून तयार झाल्या.

गावातल्याच एकाची जीप ठरवून सकाळी सातलाच निघालो. वर्ध्याचे ऊन काय चीज आहे हे ज्याने सोसले त्यालाच ठाऊक. दहानंतर रस्त्यावर माणूस दिसत नाही, आणि दिसले तर डोक्याला दुपट्टा गुंडाळलेले. आश्रमाच्या आवारात शिरलो तशी मात्र मोठमोठ्या झाडांची सावली लागली. त्यांतला पिंपळ गांधीजींनी १९३६ मध्ये लावलेला. जमीन झाडून स्वच्छ. कुठे दगडी कमान नाही, पायऱ्यांचा डौल नाही. चिरंजीवांनी इकडेतिकडे पाहून विचारले, “आश्रम कुठे आहे?” आम्ही त्याच्या मधोमध उभे होतो.

या जागेची हकीकत थोडक्यात सांगते. १९३० साली दांडीला निघताना गांधीजींनी स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमतीला परतणार नाही असे म्हटले होते. पुढे जमनालाल बजाजांच्या आग्रहाने ते वर्ध्याला आले आणि मगनवाडीत राहू लागले. पण त्यांना खेड्यात राहायचे होते. शेगाव नावाच्या या लहानशा गावात मीराबेन आधीच येऊन राहिल्या होत्या. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी येथे प्रथम आले आणि जूनमध्ये कायमचे राहायला आले. विदर्भात दुसरे शेगाव आहे, गजानन महाराजांचे. टपाल सारखे तिकडे जाऊ लागले, म्हणून १९४० मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम झाले. म्हणजे एवढे अर्थपूर्ण नाव ठेवण्यामागे पोस्टाच्या गोंधळाचाही हात आहे. मला ही गोष्ट फार आवडली.

घर बांधताना गांधीजींची जमनालालजींना अट होती. सामान इथल्याच पंचक्रोशीतले हवे, हात इथल्याच माणसांचे हवेत आणि खर्च आटोक्यात हवा. तसे जे पहिले घर उभे राहिले ते आदिनिवास. एकच लांबट दालन. त्यात गांधीजी, कस्तुरबा, सहकारी, पाहुणे, सगळ्यांचा मुक्काम. कोण कोणत्या कोपऱ्यात, एवढीच काय ती वाटणी.

काकू त्या दालनात बराच वेळ उभ्या राहिल्या. मला वाटले, भारावल्या. त्या म्हणाल्या, “एवढ्या मानसांत ते बाई कुठं लुगडं बदलत असंल?” पुढे थोड्या अंतरावर बा-कुटी आहे. इतक्या पुरुषमाणसांच्या वर्दळीत बांची होणारी कुचंबणा पाहून जमनालालजींनी ती वेगळी बांधून दिली. हे वाचून दाखवल्यावर काकूंनी मान हलवली. “वायलं घर देलं. बरं केलं त्या मानसानं.” सबंध दिवसात कोणाही पुढाऱ्याबद्दल त्यांनी काढलेला हा एकमेव प्रशंसोद्गार.

बापूकुटी मूळची गांधीजींची नव्हे. मीराबेननी ती आपल्यासाठी बांधली होती. मागून गांधीजी तीत राहायला आले. मॅडलिन स्लेड ही इंग्रज आरमारातल्या एका अ‍ॅडमिरलची मुलगी. १९२५ मध्ये ती हिंदुस्थानात आली आणि अकरा वर्षांच्या आत वर्ध्याच्या उन्हात मातीची भिंत घालू लागली! तिने नुसती भिंत घातली नाही, मातीचाच उठाव देऊन तीवर शिंदीची झाडे काढली, मोर काढला, चरखा काढला, ओम काढला. रंग नाही. उजेड तिरपा पडला की चित्र दिसते, सरळ पडला की पुसट होते. आपल्याकडे बायका कणगीवर, चुलीवर, तुळशीवृंदावनावर बोटांनी जे काढतात त्याच जातीचे हे काम आहे.

आत बसायची चटई, पाठीमागे उशी, लहानसे लिहायचे मेज, ती तीन माकडे. बाहेर अंग भाजत होते आणि आत शिरल्याबरोबर माठातल्या पाण्यासारखा गारवा लागला. ह्यांनी इंजिनियरच्या सवयीने कारण सांगायला सुरुवात केली. जाड मातीची भिंत दिवसभर ऊन आत येऊ देत नाही, कौलांच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते, ओसरीमुळे भिंतीवर थेट ऊन पडतच नाही, इत्यादी. काकू म्हणाल्या, “जवाईबापू, हे आमाले ठाव हाय.”

इव्हान इलिच नावाचे विचारवंत जानेवारी १९७८ मध्ये इथे एका परिषदेसाठी आले असता सकाळी या कुटीत बसून राहिले होते. पुढे परिषदेत त्यांनी या कुटीवरच भाषण केले. वहाणा काढायची जागा, सगळ्यांनी बसायची जागा, एकट्याने काम करायची जागा, अशा तिच्यातल्या सात जागा त्यांनी मोजल्या आणि सामान ठेवायचे घर व माणसाने राहायचे घर यांतला फरक सांगितला. भाषण सुंदर आहे, मी विद्यार्थ्यांना वाचून दाखवले आहे. पण या वेळी ते आठवताना पहिल्यांदाच एक खटकले. सात जागा मोजणाऱ्याला आठवी दिसली नाही. भिंत लिंपताना बाईने टाच मुडपून बसायची जागा.

हे मला एकदम सुचले असे कुणी समजू नये. कुटीच्या मागच्या बाजूला खरोखरच एक बाई बसली होती. शेजारी मातीचे घमेले, पाण्याची बादली. पावसाळ्यापूर्वीची डागडुजी चालली होती. काकू चित्रे, चटया, पाट्या सगळे सोडून तिकडे वळल्या आणि आमचे सेवाग्राम-दर्शन अर्धा तास तिथेच थबकले. माती कुठची? शेण किती? कुटार किती दिवस भिजवलं? (कुटार म्हणजे मळणीनंतर उरणारा भुसा, तो मातीत कुजवला की भिंतीला चिरा पडत नाहीत.) मग काकूंनी तळहात भिंतीवरून फिरवला, जसा आम्ही साडीवरून फिरवतो, आणि म्हणाल्या, “हात चांगला हाय तुहा. पन कोपऱ्यात पानी कमी पडलं.” ती बाई हसली. तिने कोपरा पुन्हा ओला केला.

“वर्षाले किती डाव करतं?” काकूंनी विचारले. पावसाळ्याआधी आणि नंतर तर करावेच लागते, मध्येही लागेल तसे, असे ती म्हणाली. “रोज भेटते?” रोज म्हणजे मजुरी. मिळते, असे तिने सांगितले. काकू उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, दोनदा प्रयत्न करून उठल्या, आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “पाह्य. इथं मजुरी भेटते, मनून भिंत उभी हाय. माह्या भिंतीले पन्नास वर्सं मी फुकट लिपलं.”

माझ्या बेताचे त्याच क्षणी काय झाले हे वाचकांनी ताडले असेलच.

नंतरचे आश्रम आम्ही जरा गप्पगप्पच पाहिले. महादेवभाई देसाई मगनवाडीतून इथवर भर उन्हात रोज पायी ये-जा करीत, त्यांची कुटी. कुष्ठरोग झालेल्या परचुरेशास्त्र्यांना जिथे ठेवून गांधीजी स्वतः मालीश करीत, ती परचुरे कुटी. दप्तरात व्हाइसरॉयशी बोलता यावे म्हणून बसवलेल्या टेलिफोनची पेटी आहे आणि साप धरून दूर सोडण्याचा लाकडी चिमटाही आहे. चिरंजीव चिमट्यापुढून हलेना. शेवटी आखरी निवास. ऑगस्ट १९४६ मध्ये गांधीजी येथून दिल्लीला निघाले. पुढे नोआखाली, बिहार, कलकत्ता, पुन्हा दिल्ली. परत आलेच नाहीत. ‘भारत छोडो’चा ठराव जुलै १९४२ मध्ये वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीत झाला तो काळ, ती माणसे, ती धामधूम यांचा मागमूस आता त्या अंगणात नाही, झाडावर साळुंक्या भांडत होत्या.

उघड्यावरची संग्रहालये मी यापूर्वी पाहिली आहेत. या प्रकाराचा जन्म स्वीडनमधला. आर्थर हॅझेलियस या गृहस्थाने कारखानदारीच्या लाटेत खेड्यांतली घरे नाहीशी होताना पाहून ती सोडवून आणली आणि १८९१ मध्ये स्टॉकहोमच्या एका टेकडीवर स्कान्सेन उभे केले. आपल्याकडे भोपाळच्या मानव संग्रहालयात, चेन्नईजवळच्या दक्षिणचित्रमध्ये निरनिराळ्या प्रांतांतली घरे अशीच मांडली आहेत. कोल्हापूरजवळ कणेरीला तर बारा बलुतेदारांचे सबंध गावच पुतळ्यांतून उभे केले आहे. तिथला कुंभार वर्षानुवर्षे तोच घट घडवतो आहे. सेवाग्रामचे तसे नाही. इथली घरे कुठून आणलेली नाहीत; बांधली तिथेच आहेत. आणि गंमत अशी की, त्यांतली माती आज गांधीजींच्या वेळची राहिलेली नसणारच. कौले बदलतात, कूड बदलतात, लिंपण तर दर साल नवे. जपानमध्ये इसे येथील देवालय दर वीस वर्षांनी जसेच्या तसे नवे बांधतात (अलीकडचे २०१३ मध्ये झाले), त्यातलाच हा प्रकार. मातीचे घर एकदा बांधून संपत नाही. ते रोजच्या स्वयंपाकासारखे असते. आणि स्वयंपाकासारखेच त्याचे श्रेय कोणी धरत नाही!

दुपारी वर्ध्यात जेवून मगनवाडीला गेलो. गांधीजींचे पुतणे मगनलाल १९२८ मध्ये वारले; त्यांचे नाव या जागेला आहे. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचे ठाणे हे. संघाची धुरा जे. सी. कुमारप्पा यांनी वाहिली. लंडनला हिशेबतपासणी शिकलेला, अमेरिकेत अर्थशास्त्र केलेला हा माणूस तेलघाणी, हातकागद, मधमाश्या आणि पायखाना यांचा विचार त्याच काटेकोरपणे करीत असे. येथील मगन संग्रहालय गांधीजींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजी उघडले गेले.

इथे चरख्यांचे सबंध घराणे पाहायला मिळते. तुरुंगातून जन्मलेला, पेटीत मिटणारा येरवडा चरखा; दोन्ही हातांनी सूत काढता यावे म्हणून पायाने फिरवायचा मगन चरखा; स्वातंत्र्यानंतरचा अंबर. १९२९ मध्ये चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. आपल्या किर्लोस्करांच्या कारखान्यातही त्यासाठी एक चरखा घडवला गेला. पण तो अटींना उतरला नाही आणि बक्षीस कोणालाच मिळाले नाही. एक लाख रुपये, १९२९ मधले! हे आकडा ऐकून हळहळले.

मला त्या दालनात निराळेच जाणवले. सेवाग्रामात आपण त्यागापुढे उभे राहतो, इथे कष्ट कमी करण्याच्या खटपटीपुढे. घाणीचा बैल कमी दमावा, चुलीचा धूर बाईच्या डोळ्यांत जाऊ नये, सूत दुप्पट निघावे, यासाठी शिकलीसवरलेली माणसे इथे लाकूड तासत बसली होती. काकू धूर बाहेर काढणाऱ्या मातीच्या चुलीपुढे थांबल्या. “हे मले पैले काहून नाही भेटली?” त्यांनी विचारले. उत्तर मलाच द्यायचे होते आणि माझ्याजवळ नव्हते. आमच्या गावापासून ही जागा काही फार दूर नाही. जी एस.टी. मला सेवाग्रामला न नेता गावी नेत होती, तिनेच ही चूलही नेली नसावी.

पवनारला धावती भेट झाली. धाम नदीचे पाणी मे महिन्यात आटलेले, विनोबांच्या आश्रमातल्या भगिनींची सायंकाळची कामे चाललेली. खोदताना सापडलेल्या भरत-रामाच्या मूर्तीपुढे मात्र काकूंनी पदर पसरला. विद्यार्थिनीला आता सांगता येईल की पवनार पाहिले. कसे आहे हे सांगायला पुन्हा जावे लागेल.

दुसऱ्या दिवशी काकूंच्या नकळत मी ह्यांना दत्तपूरला पिटाळणार होते. १९३६ मध्ये मनोहर दिवाणांनी कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केले ते हे दत्तपूर. तिथेच ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आहे, १९७६ पासूनचे. पण काकूच म्हणाल्या, “मी बी येतो.” (आमच्याकडे बायकाही ‘येतो’ म्हणतात.) तिथे एक छप्पर पाहिले. कुंभाराने चाकावर घडवलेले, एका टोकाला निमुळते असे मातीचे पोकळ तुकडे एकात एक बसवीत जायचे, की त्यांची आपोआप कमान होते. मयाल नको, वासे नकोत. लाकूडच नाही म्हटल्यावर वाळवी कशाला लागेल?

काकूंनी खालून वरून पाहिले. मग त्यांचा खरा प्रश्न बाहेर आला. “वानर नाचलं तं?”

मुंबईच्या वाचकांना हा विनोद वाटेल. विदर्भात तो नाही. वानरांची टोळी एकदा कवेलूंवरून गेली की अर्धे छप्पर फुटते, आणि कौले चाळणारा माणूस आता गावात मिळत नाही. जो होता तो हिंगणघाटला सुरक्षारक्षक झाला. काकू घर पाडा म्हणत होत्या त्याचे कारण हे होते. पहिल्या पावसात रात्री उठून गळणाऱ्या जागी भांडी ठेवण्याचे वय त्यांचे राहिले नव्हते, एवढेच. आम्हा सर्वांना त्या जुन्याला कंटाळल्या असे वाटत होते. विचारले कोणीच नव्हते. कमानीवरून जाड गिलावा देतात, वानर नाचले तरी बिघडत नाही, असे तिथल्या कार्यकर्त्याने सांगितले, तेव्हा त्या “हूं” म्हणाल्या. काकूंचे “हूं” फार महाग असते.

परतताना जीपमध्येच सौदा झाला. मागचे दोन खण आणि न्हाणीघर नवे, पक्के, फरशी घातलेले. त्यावर कमान की स्लॅब, हे मुलगे आणि कुंभार ठरवतील. पुढची ओसरी आणि माजघर मातीचे राहील. पण अट एक. “तुले पायजे ना वो हे माती? मंग दसऱ्याले ये अन् लिप.”

दसऱ्याला चार दिवसांची रजा काढून गेले. माती काकूंनी आठवडाभर आधी भिजत घालून ठेवली होती. मुंबईला शोभतील अशी नखे मी आदल्या रात्री कापली. पहिला थर भिंतीवरून खाली आला, दुसरा टिकला, पण त्यावर माझ्या पाचही बोटांचे चर उमटले. दुपारपर्यंत कंबर धरली आणि ओसरीची एकच भिंत, तीही खिडकीपर्यंत, झाली. काकू चहा घेऊन आल्या, तळहात भिंतीवरून फिरवला, काही बोलल्या नाहीत. पेला खाली ठेवून त्यांनी बादली ओढली आणि माझा कोपरा पुन्हा ओला केला.